धर्मयुद्ध: एक शब्द, दोन फ्लॅशकार्डं

लेस्टरकरीण
मंडळी, एका शब्दावर अडलेय. लेक पुढच्या वर्षी जीसीएसई (इथली दहावी म्हणा) देईल. तिच्या शाळेने धर्मशिक्षणाला ख्रिस्ती आणि इस्लाम असे दोन धर्म घेतलेत, शिवाय 'धर्म, शांतता आणि संघर्ष' असा एक वेगळा भाग आहे. सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. रात्री जेवणं झाली की ती फ्लॅशकार्डं वाचते आणि मी आबांना मराठीत सांगते, म्हणजे त्यांनाही गंमत वाटते. काल 'होली वॉर' आलं. आबा म्हणाले, "होळीवर काय?" मी म्हटलं, धर्मयुद्ध. पुढचं कार्ड 'जस्ट वॉर'. माझ्या तोंडून पुन्हा धर्मयुद्धच. लेक म्हणाली, "आई, ही दोन वेगळी कार्डं आहेत, आणि परीक्षेत फरकच विचारतात." 'न्याय्य युद्ध' मला सरकारी वाटतं. तुम्ही काय म्हणता?

बोरू
आबांनाच विचारा. धर्मयुद्ध म्हणजे धर्मासाठी केलेलं युद्ध नव्हेच, धर्माने केलेलं युद्ध. निःशस्त्रावर वार नाही, पाठ फिरवलेल्यावर नाही, सूर्य मावळला की हत्यार खाली. भीमाने दुर्योधनाच्या मांडीवर गदा हाणली तेव्हा बलराम नांगर उगारून धावला तो एवढ्याचसाठी, गदायुद्धात कमरेखाली मारायचं नसतं. तेव्हा 'जस्ट वॉर'ला धर्मयुद्ध. क्रूसेडला, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिस्त्यांनी केलेल्या स्वाऱ्यांना, तो शब्द चिकटवला हे क्रमिक पुस्तकवाल्यांचं पाप, ते आपण का फेडायचं?

लेस्टरकरीण
आबांनी शब्दशः हेच सांगितलं, बलरामासकट! पण लेक ऐकून म्हणते, ही तर अबू बक्रची यादी. पहिल्या खलिफाने सैन्याला बजावलं होतं ना, बाया, पोरं, म्हातारे यांना मारू नका, फळझाडं तोडू नका, ती. तिच्याकडे ती जिहादच्या कार्डामागे लिहिलेली आहे. आता विचारतेय, मग जिहादला धर्मयुद्ध लिहू का? गुंता सुटायच्या ऐवजी वाढला.

अक्षरशत्रू
लिहू दे की. पेपरवाले रोज लिहितात. लोक ज्या अर्थाने वापरतात तो अर्थ.

खाडीपट्टा
पेपरवाले लिहितात म्हणूनच नको. ज-ह-द हा धातू झटण्याचा, जीव तोडून कष्ट करण्याचा. लढाईला कुराणात वेगळा शब्द आहे, किताल. क-त-ल, तुमची कत्तल त्याच घरची. 'जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका' (२:१९०) तिथे हाच धातू आहे, जिहाद नाही. लढाई हा जिहादचा एक प्रकार, अख्खा जिहाद नव्हे.

लहानपणी खेडला संध्याकाळी आम्ही मौलवीसाहेबांकडे शिकायला जायचो. ते जिहाद हा शब्द क्वचितच उच्चारत. 'नफसाशी झगडा' म्हणत, म्हणजे स्वतःच्या मनाच्या ओढीशी. उदाहरण ठरलेलं: पौष महिना, फजरची अजान झालीय, आणि अंगावर आजीची गोधडी. ती फेकून उठायचं. आमच्यातला एकजण म्हणाला होता, मौलवीसाब, मी रोज हरतो. त्यांनाही हसू आवरलं नव्हतं.

तिठा
गोधडी झकास. पण एक पाचर मारतो. 'धाकट्या जिहादातून (लढाईतून) थोरल्या जिहादाकडे (मनाशी झगड्याकडे) परतलो' हे जे प्रेषितांचं म्हणून वचन सगळीकडे फिरतं, ते हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या, जाणकारांपैकी अनेकांनी कच्च्या साखळीचं ठरवलं आहे, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं याचा धागा भरवशाचा नाही. मध्ययुगातल्या इब्न तैमिया या धर्मपंडिताने तर साफ नाकारलं. पाठ्यपुस्तकांना ते सोयीचं पडतं, एवढंच. १२ मार्कांच्या प्रश्नात दोन्ही बाजू मांडायच्या असतात ना, मग मुलीला हेही लिहू दे.

आणि बोरू, तुमचं धर्मयुद्ध अर्धंच आहे. 'जस्ट वॉर'ला दोन टप्पे असतात. लढताना कसं वागायचं हा दुसरा. मुळात युद्धाला उभं राहायचं का, हा पहिला. मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ अॅक्वायनस, त्याच्या तीन अटी, अधिकार असलेली सत्ता, रास्त कारण, चांगला हेतू, या पहिल्या टप्प्यातल्या. सूर्यास्त आणि मांडी हे सगळं नंतरचं.

बोरू
अर्धं? पाच गावं मागून पाहिली, कृष्ण शिष्टाईला गेला, सगळे उपाय थकले तेव्हा कुरुक्षेत्र. हा पहिला टप्पा नाही तर काय आहे?

तिठा
मान्य. पण त्याला धर्मयुद्ध कोणी म्हणत नाही, कृष्णशिष्टाई म्हणतात. आणि तीही कोणाची मध्यस्थी फसली की टोमणा मारायला.

खाडीपट्टा
साखळी कच्ची असेल, कल्पना कच्ची नाही. आपल्याकडेच बघा. श्रीगोंद्याचे शेख महंमद, मुसलमान संत, ओवी मराठी, आणि ग्रंथाचं नाव 'योगसंग्राम'. आतल्या लढाईला त्यांनी संग्राम हा शब्द घेतलाच होता. थोरल्या जिहादाला 'महासंग्राम' का नको?

बोरू
महासंग्राम म्हणजे आयपीएल.

अक्षरशत्रू
किंवा विधानसभा. बरं, 'पीस'ला काय म्हणताय, शांती की शांतता? आमचा मित्र म्हणतो, इस्लामचा अर्थच शांती.

भिवंडीकर
याचं उत्तर मी देतो, बाकी तुमचं चालू द्या. शांतता. भिवंडीत ७० आणि ८४ च्या दंगली झाल्या. पुढे ८८ ला खोपडे साहेब डीसीपी म्हणून आले आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात कमिट्या बसवल्या, हिंदू, मुसलमान आणि पोलीस एका सतरंजीवर. वडिलांचे चार यंत्रमाग होते. बैठक असली की ते माग बंद करून जात, परत आले की शर्टाला कापसाचं तूस तसंच. काय ठरलं विचारलं की म्हणायचे, "काही नाही, गटार तुंबलंय त्यावर बोललो." ९२-९३ ला मुंबई जळत होती, भिवंडी गप्प होती. 'शांती कमिटी' म्हटलं असतं तर लोक वास्तुशांतीचा नारळ घेऊन आले असते. शांती माणसाच्या आत. शांतता दोघांच्या मधे.

तिठा
हे छान सांगितलंत. मित्राचं मात्र पूर्ण बरोबर नाही. इस्लाम आणि सलाम एकाच स-ल-म धातूचे, खरं. पण इस्लाम हे कृतीचं नाव आहे, स्वतःला ईश्वराच्या स्वाधीन करणं. शरणागती म्हणा.

खाडीपट्टा
शरणागती म्हटलं की पांढरं निशाण दिसतं. 'शरण जाणे' म्हणा, मग विठोबा दिसतो. त्याच्या जवळचं आहे ते.

पांढऱ्या निशाणावरून तहाचंच निघालंय तर, ६२८ साली मक्केजवळ हुदैबियाला प्रेषितांचा मक्केवाल्यांशी दहा वर्षांचा तह झाला. मसुद्यात 'अल्लाहचे प्रेषित मुहम्मद' लिहिलं, समोरचा सुहैल अडून बसला: आम्ही प्रेषित मानत असतो तर भांडलो असतो का? 'अब्दुल्लाहचा मुलगा मुहम्मद' लिहा. मसुदा लिहिणाऱ्या अलींचा हात तो शब्द पुसायला धजेना. प्रेषितांनी स्वतःच पुसला. शब्दासाठी तह मोडला नाही. आणि पुढे कुराणात त्यालाच फतह म्हटलं, आपली फत्ते. शांततेवर धडा शिकवायचा तर हा शिकवावा, व्युत्पत्ती नको. जाता जाता, त्या तहाला अरबीत सुलह म्हणतात. जुन्या मराठी कागदांत तहाला 'सला' येतो तो हाच.

बोरू
फत्ते, सला, कत्तल. एक संस्कृत शब्द उरू द्या! शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो काय गंमत म्हणून? तहाला 'संधी' हा शब्द आहे.

अक्षरशत्रू
पुरंदरची संधी? लोक विचारतील, मिळाली की हुकली?

बोरू
हसा. भाषा अशीच जाते.

खाडीपट्टा
'कागद' पण अरबी-फारसीच. कोश कशावर लिहिला होता?

लेस्टरकरीण
अहो भांडू नका, इथे घरात वेगळंच चाललंय. काल 'सलाह' आलं, म्हणजे नमाज. आबा म्हणाले, "कुणाचा सल्ला?" आज 'जकाह'. मी म्हटलं, जकात. आबा एकदम सरसावून बसले. "किती टक्के?" लेक म्हणाली, अडीच. "मालावर की गाडीवर?" म्हटलं आबा, वर्षभर साठून राहिलेल्या शिलकीवर, गोरगरिबांसाठी. त्यांना पटेना. "गरिबांसाठी जकात? मग आम्ही नाक्यावर आयुष्यभर भरली ती कोणासाठी?"

भिवंडीकर
आबांचा प्रश्न रास्त आहे. मुलुंड नाक्यावर आमचा टेम्पो एकदा पहाटे तीनपासून सकाळी नऊपर्यंत उभा होता, मालाची पावती ओली झाली म्हणून. १७ साली जीएसटी आला तेव्हा कुठे सुटलो.

अक्षरशत्रू
पण शब्द तोच का? दानाचा कर कसा झाला?

तिठा
गोळा करणारी सत्ता आली की दानाचा कर व्हायला वेळ लागत नाही. मूळ अर्थ शुद्ध होणं, वाढणं.

भिवंडीकर
नाक्यावर फक्त रांग वाढायची.

लेस्टरकरीण
गुरुवारी चाचणी आहे हो. जस्ट वॉर?

बोरू
धर्मयुद्ध.

खाडीपट्टा
न्यायाची लढाई. होली वॉरला धर्मयुद्ध राहू दे, रुळलंय आता.

बोरू
मुळीच नाही.

भिवंडीकर
आबांना विचारा ना, ते कोणत्या नाक्यावर भरायचे? शिरवळकडचे असतील तर ओळख निघेल.