पक्षी मोजता, मासे कोण मोजणार?

काठावरचा:
जानेवारीत भिगवणला, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी, जाऊन आलो. रोहित (फ्लेमिंगो) बघितले, चित्रबलाक बघितले, कुंभारगावात चिलापी (तिलापिया) माशाचं कालवण ओरपलं. सोबतचे मित्र खूश, "पक्षी भरपूर, म्हणजे उजनी ठणठणीत!" मला हे काही पटत नाही. पाणथळीची तब्येत आपण फक्त पंखांवरून ठरवतो. पाणथळी जपण्याचा आंतरराष्ट्रीय रामसर करार १९७१ चा. त्याच्या मूळ नावातच पाणपक्ष्यांचा अधिवास होता, माशांसाठी स्वतंत्र निकष यायला १९९६ उजाडलं. आपण तर अजून तिथेही पोचलो नाही. माझं म्हणणं एवढंच, की जिथे दर हिवाळ्यात पक्षीगणना होते तिथे त्याच आठवड्यात मासेही मोजा. आणि दोघांसाठी आराखडा एकच करा.

दुर्बीणवाला:
विचार चांगला आहे, पण जमिनीवर या. पक्षी मोजायला दुर्बीण आणि पहाटे उठायची तयारी पुरते. मासे मोजायला जाळं टाकावं लागतं, परवानगी लागते, ओळखणारा माणूस लागतो. गढूळ पाण्यात दिसणार काय? दुसरं, रोहित मासे खातच नाही, तो चिखलपाण्यातून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. मासे खाणारे म्हणजे पाणकावळे, बगळे, चित्रबलाक, मोरघार. ते भरपूर आहेत, म्हणजे मासेही आहेतच. उगाच आणखी एक नोंदवही कशाला?

काठावरचा:
मासे आहेत, पण कुठले? चित्रबलाकाला चिलापी चालते, तो जात विचारत नाही. चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ मध्ये आणली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे साचलेल्या पाण्यातही तिचं बिनधास्त चालतं. महाशीरला वाहतं पाणी आणि गोटे लागतात, आणि १९८० मध्ये धरण झाल्यावर भीमा इथे वाहायचीच थांबली. आपण कौतुकाने ज्यांचं बीज सोडतो ते कटला, रोहू, मृगळ तरी कुठे भीमेचे? ते गंगेकडचे. म्हणजे पक्षीगणनेत आकडा फुगत राहील आणि नदीचे मूळचे मासे एकेक करून जातील, तरी आपल्याला पत्ता नाही. माझी तक्रार नेमकी ही आहे.

दुर्बीणवाला:
हे मान्य. पण मग सरळ म्हणा, की तुम्हाला चिलापी नको आहे. ती काढायची कशी? काढली तर चित्रबलाकांनी खायचं काय? चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एक नवीन साखळी जुळली आहे, ती तोडायला मी तयार नाही.

भिगवणकर:
दोघांनाही नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे. चिलापी काढायच्या गप्पा पुण्यात बसून सोप्या आहेत, आमची चूल तिच्यावर पेटते. तुमच्या पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं आणि इथेच साचतं. त्यात तग धरणारा मासा तोच.

पण वडाप जाळं बंद करा हे आम्हीच घसा सुकेपर्यंत सांगतोय. बारीक आसाचं ते जाळं बोटाएवढी पिल्लंसुद्धा ओढून काढतं. ती पिल्लं म्हणजे पाणकावळ्याचं आजचं जेवण आणि माझा पुढच्या वर्षीचा मासा. इथे पक्षी आणि मच्छीमार एकाच बाजूला आहेत. मात्र अभयारण्याचा बोर्ड लावायला येऊ नका. बोर्ड लागला की पहिली अडवणार ती आमची होडी. आज त्याच होडीतून आम्ही तुम्हाला पक्षी दाखवतो, विसरू नका.

गोदाकाठ:
आमच्याकडे, म्हणजे नाशिक जिल्ह्यात गोदावरीवरच्या नांदूर मधमेश्वरला, बोर्ड आहे. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. त्याच्या नोंदीत देवळालीच्या नावाचा एक चिमुकला मासा आहे, अतिसंकटग्रस्त. चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर उभं राहून विचारा, जांभळी पाणकोंबडी दहा जण दाखवतील. हा मासा? चिडीचूप. गंमत म्हणजे तो ओढ्यांच्या वाहत्या पाण्यातला, दगडांच्या आडोशाने राहणारा. त्याला वाचवायचं तर बंधाऱ्यातल्या गाळाच्या पाण्यात बघून उपयोग नाही, दारणा नदीच्या वरच्या अंगाचे ओढे सांभाळावे लागतील. अभयारण्याची हद्द पक्ष्यांची वस्ती बघून आखली जाते, मासा त्या रेघेबाहेर जगतो. म्हणून "एकच आराखडा" या शब्दांना माझा आक्षेप आहे. गणना एकत्र करा, पण हद्दी दोन ठेवा.

काठावरचा:
पटलं. हद्दीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पण पाणी तर एकच ना? उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यावर, गेली, पळसदेवचं देऊळ उघडं पडलं, की चिखलावर पक्ष्यांची पंगत बसते. त्याच वेळी उरलेल्या डबक्यांत मासे दाटतात आणि त्यांच्यावर सगळ्यांची जाळी पडतात. पाणी उतरणं एकाला सुगी, दुसऱ्याला काळ. मग जूनमध्ये ओढे वाहू लागले की चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात, आणि ओढ्याच्या तोंडाशी कोणीतरी आडवं जाळं लावून बसलेलंच असतं. निदान ते दोन महिने ओढ्यांची तोंडं मोकळी ठेवता येणार नाहीत?

दुर्बीणवाला:
याला माझा पाठिंबा. पक्ष्यांचं यात काहीच जात नाही. मासे मोजण्याबद्दल मात्र अजून शंका आहे, विशेषतः मोजायचं म्हणून मारलेल्या माशांचं काय करणार?

भिगवणकर:
मारायचे कशाला? आमच्या रोजच्या जाळ्यात जे येतं तेच लिहून घ्या. पहाटे पाचला धक्क्यावर या. वाम, मरळ, शिंगटा, जे निघेल ते मी नावासकट सांगतो, तुम्ही वही आणा. फक्त जानेवारीत एक दिवस येऊन जाऊ नका, आषाढातही या. त्या वेळी रोहित नसतात, म्हणून इकडे कोणी फिरकत नाही. आणि डिझेलचे पैसे आधी ठरवून घेऊ.