बीटी कपाशीनं मधमाश्या अन् ढालकिडे मरतात का?

अकोट_कास्तकार
नमस्कार मंडळी. कपाशीला लागून आमची तूर अन् थोडं सूर्यफूल आहे, बांधावर मधपेट्या ठेवायचा विचार चाललाय. पण गावात सांगतात की बीटीच्या (अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कपाशीच्या) फुलातच विष असतं, माश्या पराग खातात अन् मरतात. अन् खरंच, पूर्वी कपाशीत ढालकिडे, क्रायसोपा असे मावा खाणारे मित्रकीटक पानापानावर दिसायचे, आता शोधावे लागतात. हे बीटीमुळंच का? पक्कं माहीत असेल त्यानंच सांगा, पैसे गुंतवायचेत.

कीटकशास्त्र_विद्यार्थी
दादा, फुलाला घाबरू नका. बीटीतलं क्राय प्रोटीन, म्हणजे त्या जनुकामुळं झाडात तयार होणारं अळीचं विष, अळीच्या आतड्यात जातं, तिथला रस क्षारी असतो त्यात विरघळतं, मग आतड्याच्या पेशींवर ठरावीक जागी चिकटून भोकं पाडतं. कपाशीत जी क्राय प्रोटीनं आहेत त्यांना चिकटायला मधमाशीत अशी जागा नसते. 2008 मध्ये 25 अभ्यास एकत्र करून पाहिले, माश्यांच्या अळ्या काय अन् मोठ्या माश्या काय, जगण्यावर परिणाम दिसला नाही. भीती पसरली ती 1999 च्या अमेरिकेतल्या प्रयोगानं, बीटी मक्याचे पराग टाकलेली पानं खाऊन मोनार्क फुलपाखराच्या अळ्या मेल्या होत्या. पण 2001 मध्ये शेतात मोजलं तर पानावर एवढे पराग पडतच नव्हते, फक्त एका जुन्या वाणाचे पराग खरंच घातक निघाले, तो वाण पुढं बंद झाला.

बोंडअळीग्रस्त
हे बरोबर, पण अर्धंच सांगितलं. ढालकिडे कमी का झाले ते फवारणीत बघा ना. चीनमध्ये बीटी कापसावर अळीची औषधं कमी झाली तर ढालकिडे, क्रायसोपा, कोळी वाढले अन् मावा घटला, 2012 मध्ये तसं छापून आलं. त्याच चीनमध्ये फवारणी थांबल्यावर मिरिड ढेकूण (झाडाचा रस शोषणारी कीड) एवढे वाढले की आजूबाजूच्या फळबागांतही शिरले. म्हणजे सगळा खेळ फवारणीचा. आपल्याकडं 2002 ला बीटी आलं, 2006 ला दोन क्राय जनुकांचं, अन् 2017 ला गुलाबी बोंडअळीनं ते मोडून काढलं, तिला ते विष पचायला लागलं. अळीला विषाची सवय होऊ नये म्हणून कडेनं पेरायच्या आश्रयपट्ट्याचं बिगरबीटी बी किती जणांनी पेरलं सांगा? वरून फरदड ठेवायची, म्हणजे वेचणी झाली तरी कपाशी उभीच, अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळालं. आता तुडतुड्यांसाठी एक फवारणी, पांढऱ्या माशीसाठी दुसरी, बोंडअळीसाठी तिसरी, मग मित्रकीटक उरणार कुठून! मला तर चीड येते.

अकोट_कास्तकार
मग बियाण्याला जो रंग लावलेला असतो, इमिडा (इमिडाक्लोप्रिड कीटकनाशक) का काय, त्याचं काय?

मधपेटीवाली_ताई
भाऊ, तेच विचारायला हवं होतं. ते औषध झाडाच्या रसात फिरतं, म्हणूनच सुरुवातीच्या आठवड्यांत तुडतुडे आवरतात. फुलं येईपर्यंत त्याचा जोर ओसरतो, पण फुलोऱ्यात तेच किंवा तसलंच औषध परत फवारलं की माश्यांना थेट लागतं. पेट्या ठेवणार असाल तर आधी शेजाऱ्यांशी बोला, फवारणीच्या आदल्या दिवशी कळवा म्हणा, अन् फवारणी करायचीच तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर. मावा, तुडतुडे थोडे दिसले की लगेच पंप उचलू नका, 5 टक्के निंबोळी अर्कानं सुरुवात करा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा अन् पतंग मोजा, नुकसानीची पातळी ओलांडली तरच औषध.

कीटकशास्त्र_विद्यार्थी
ताईंना अनुमोदन. एक भर घालतो, 2007 मध्ये शेतातल्या 42 प्रयोगांचा हिशेब मांडला होता, त्यात फवारलेल्या साध्या पिकापेक्षा बीटीत निरुपद्रवी कीटक जास्त सापडले, पण अजिबात न फवारलेल्या साध्या पिकापेक्षा कमी. अन् बोंडअळीवरच जगणाऱ्या परजीवी माश्या बीटीत कमी होणारच, त्यांचं खाणंच जातं.

अकोट_कास्तकार
पेट्या घेतो. उत्तरेकडच्या बांधावर, तुरीजवळ. शेजारचे काका दर आठ दिवसांनी पंप घेतात, त्यांना हे सगळं वाचून दाखवतो उद्या.