मदत हवी आहे: टीमचं 'शेअर्ड व्हिजन', सोमवारच्या आत

रात्रपाळी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सोमवारी सकाळी जीएमसमोर आमच्या टीमचं 'शेअर्ड व्हिजन' मांडायचंय. एक वाक्य आणि चार-पाच स्लाइड. दोनदा मीटिंग घेतली, कोणी तोंड उघडत नाही. एक जण तर म्हणाला, "साहेब, तुम्हीच लिहा, आम्ही सह्या करतो." कुणाकडे तयार वाक्य असेल तर टाका, मी नावं बदलून घेतो. घाई आहे.

कोथिंबीरवडी
टीम कसली? किती माणसं? आयटी की कारखाना? काहीच लिहिलेलं नाही, वाक्य कशाचं देणार?

मनमोकळी_एचआर
आम्ही इगतपुरीला दोन दिवस आउटबाउंड केलं होतं. सकाळी ट्रेक, दुपारी चार्टपेपर आणि स्केचपेन. 'पाच वर्षांनंतरची आपली टीम' असं चित्र प्रत्येकानं काढायचं. गप्प बसणारे पण बोलायला लागतात. नक्की करा.

जुना_फिटर
आयडीवरून कारखाना वाटतोय. सगळे इगतपुरीला गेले तर मशीन कोण बघणार, वॉचमन?

रात्रपाळी
हो, कारखानाच. सातपूर, मेंटेनन्स. ११ जण, तीन पाळ्या. आता कृपया वाक्य द्या.

शब्दवेडा
मुळात 'व्हिजन' कशाला? 'संकल्पचित्र' हा छान शब्द आहे. 'दृष्टिकोन' वापरू नका, तो वेगळा. वापरलाच तर 'ष्टि' ऱ्हस्व.

ऑडिटवाला
आयएसओ ९००१, म्हणजे क्वालिटीचं प्रमाणपत्र, आहे ना? २०१५ च्या आवृत्तीत कलम ५.२ बघा. क्वालिटी पॉलिसी लोकांना कळवलेली, समजलेली आणि वापरात असली पाहिजे. टीमचं वाक्य त्यातूनच काढा, वेगळं काही लागत नाही.

जुना_फिटर
समजलेली! ऑडिटच्या आदल्या दिवशी आयकार्डच्या मागे चिकटवतात आणि पोरं शाळेतल्या प्रतिज्ञेसारखी पाठ करतात.

ऑडिटवाला
तो अंमलबजावणीचा दोष, कलमाचा नाही.

टीपीएम_प्रेमी
यावर उत्तर एकच, टीपीएम, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स. जपानमध्ये निप्पॉनडेन्सो या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीनं हे १९७१ पर्यंत करून दाखवलंय. ऑपरेटरनं स्वतः मशीन पुसायचं, तेल बघायचं, नट आवळायचे. 'शून्य ब्रेकडाऊन' लिहा, झालं व्हिजन.

कोथिंबीरवडी
शून्य ब्रेकडाऊन हे जीएमचं स्वप्न. रात्री दोनला झोपेतून उठून येणाऱ्या माणसाचं स्वप्न काय आहे, ते विचारलंत का? आणि धागाकर्ते, हे व्हिजनचं खूळ आत्ताच का निघालं? काहीतरी घडलं असणार.

रात्रपाळी
एप्रिलपासून मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल सेक्शन एक केले. हे लिहायचं राहिलं. मी इलेक्ट्रिकलचा, आता दोन्हीचा इनचार्ज. ६ कायम, ५ कॉन्ट्रॅक्टचे. मागच्या आठवड्यात हायड्रॉलिक प्रेस रात्री तीन तास बंद होती. मेकॅनिकलवाल्यानं ब्रेकडाऊनच्या स्लिपवर लिहिलं 'कॉइल जळाली, इलेक्ट्रिकल' आणि कॅन्टीनला गेला. आमच्या पोरानं नवी कॉइल टाकली, तीही जळाली. मग त्यानं त्याच स्लिपवर खाली लिहिलं 'व्हॉल्व्ह जाम, मेकॅनिकल'. ती स्लिप जीएमच्या टेबलावर गेली. तिथून हे व्हिजन निघालं.

कोथिंबीरवडी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं की!

गोदाकाठ
हिवरे बाजार बघून या. १९९० च्या आसपास पोपटराव पवारांनी गावाला सुंदर वाक्य दिलं नव्हतं. ग्रामसभेत काय काय बंद ते ठरलं: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, वर श्रमदान. पुढे शेतीसाठी बोअर घेणंही बंद. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद सगळ्यांसमोर मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. तुम्हीही काय करायचं नाही, तेवढंच ठरवा.

टीपीएम_प्रेमी
गाव आणि कारखाना यात फरक असतो. गावात कॉन्ट्रॅक्टची माणसं नसतात.

गोदाकाठ
पाच जण सहा महिन्यांत बदलणार असतील, तर त्यांनी पाच वर्षांनंतरचं चित्र का काढायचं, हेही मग विचारा.

मनमोकळी_एचआर
चित्राची टिंगल नको. आमच्याकडे खरंच उपयोग झाला.

फ्लेक्सवाला_नाशिक
बोर्ड करायचा असेल तर व्हिनाइलपेक्षा सनबोर्ड घ्या, शॉपफ्लोअरवर टिकतो. साइज कळवा.

जुना_फिटर
व्हिजन राहू द्या. ती कॉइल एसी की डीसी?

रात्रपाळी
२३० एसी. जुनी प्रेस आहे. त्याचा इथे काय संबंध?

जुना_फिटर
एसी कॉइल व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे तेलाची वाट बदलणारा दांडा, ओढताना सुरुवातीला करंट बराच जास्त घेते. स्पूल पूर्ण सरकला की तो उतरतो. तेलातल्या कचऱ्यानं स्पूल मध्येच अडकला तर करंट चढलेलाच राहतो आणि कॉइल जळते. डीसीत असं होत नाही. म्हणजे तुमच्या स्लिपवरचे दोघंही बरोबर होते. कॉइल जळालीच होती आणि व्हॉल्व्हही जामच होता. दोघांनी मिळून व्हॉल्व्ह उघडला असता तर अर्ध्या तासाचं काम.

कोथिंबीरवडी
स्लिपवर 'विभाग' असा रकाना आहे का?

रात्रपाळी
आहे. सगळ्यात वर. तो भरल्याशिवाय स्टोअर पार्ट देत नाही.

कोथिंबीरवडी
मग भांडण तुमच्या कागदानंच छापून ठेवलंय. तो रकाना काढा, तिथे 'कारण' टाका आणि खाली दोन सह्या. सोमवारी जीएमना जुनी आणि नवी स्लिप शेजारी ठेवून दाखवा.

ऑडिटवाला
फॉर्मॅट बदलला तर डॉक्युमेंट नंबर आणि रिव्हिजन बदलावं लागेल. विसरू नका.

रात्रपाळी
आज दोन्हीकडच्या दोघांना चहाला बसवलं. व्हिजन हा शब्दच काढला नाही, कॉइलचं सांगितलं. मेकॅनिकलवाला म्हणाला, "मला वाटायचं हा सरळ ढकलतोय." आमचा पोरगा काही बोलला नाही, पण जळालेली कॉइल खिशातून काढून टेबलावर ठेवली. जीएमना वाक्यच हवंय, ते अजून झालेलं नाही. स्लिप मात्र नवी टाइप करून घेतली.

शब्दवेडा
'विभाग' ऐवजी 'बिघाडाचे मूळ' लिहा, 'कारण' फार मोघम होतं.

जुना_फिटर
तेल शेवटचं कधी बदललं? रिटर्न लाइनचा फिल्टर?

रात्रपाळी
रजिस्टर बघून सांगतो.