‘सेला’ आणि ‘शिब्बोलेथ’

एकाने विचारलंय की बायबलमधल्या स्तोत्रांमध्ये मधेच ‘सेला’ हा हिब्रू शब्द येतो तो मोठ्याने वाचायचा की सोडून द्यायचा. बायबलच्या स्तोत्रसंहिता या पुस्तकात हा शब्द ७१ वेळा आलाय आणि हबक्कूक या पुस्तकात ३ वेळा, पण पक्का अर्थ अभ्यासकांनाही ठरवता आलेला नाही, बहुतेक गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी सूचना असावी, इथे थांबा किंवा इथे वाद्यं वाढवा अशी. मी तिथे वाचताना जरा थांबते, बरं वाटतं.

पण नुसता डिक्शनरीतला अर्थ बघून पुढे जाऊ नका, शब्द जिथे आलाय ती गोष्ट पूर्ण वाचा. ‘शिब्बोलेथ’ घ्या. अर्थ साधाच, धान्याचं कणीस. पण बायबलच्या ‘शास्ते’ पुस्तकाच्या १२व्या अध्यायात इस्राएलातल्याच दोन गटांची, गिलादी आणि एफ्राइमी लोकांची, लढाई होते, मग गिलादी लोक यार्देन नदीचे उतार, म्हणजे पायी ओलांडायच्या जागा, अडवून बसतात आणि पळून चाललेल्या एफ्राइमी माणसांना हाच शब्द म्हणायला लावतात, त्यांना ‘श’ जमत नाही, ते ‘सिब्बोलेथ’ म्हणतात आणि तिथेच मारले जातात, ४२,००० माणसं पडली असं लिहिलंय. एका अक्षरावरून! आपल्याकडे ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला वर्गात हसतात ना, मला दरवेळी तेच आठवतं आणि पोटात कालवतं.

‘मान्ना’ त्यामानाने गोड आहे. ‘निर्गम’ पुस्तकाच्या १६व्या अध्यायात रानात सकाळी जमिनीवर हिमकणांसारखं काहीतरी पडलेलं बघून इस्राएली लोक एकमेकांना विचारतात, “मान हू?”, म्हणजे हे काय आहे, आणि तो प्रश्नच त्या अन्नाचं नाव होऊन बसला.

‘होसान्ना’ पण बघा, आपण जयजयकार म्हणून गातो, मुळात ती हाक आहे, ‘आम्हाला वाचव’.