मदत हवी आहे: शेड्यूल रोज बदलतंय, कारखाना तेवढ्या वेगानं वळत नाही

प्रेसशॉप_वाळूज
वाळूज एमआयडीसीत शीट मेटलचं काम आहे आमचं, दुचाकीचे पार्ट. मी पीपीसी बघतो, म्हणजे उत्पादनाचं प्लॅनिंग. २०२५ सालभर गाडीच्या कंपनीचं शेड्यूल (कुठला पार्ट कधी, किती द्यायचा) एक आठवडा टिकलं असेल तर शप्पथ. एप्रिलमध्ये चीननं मोटरमधल्या मॅग्नेटच्या निर्यातीवर निर्बंध घातले, ईव्हीचे पार्ट अडकले. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं आणि गिऱ्हाईक थांबलं, ऐन गणपतीत माल पडून. २२ सप्टेंबरला २८ चे १८ टक्के झाले आणि लगेच फोनवर फोन, माल द्या म्हणून.
मालकांनी सल्लागार आणले. 'बिझनेस अॅजिलिटी', म्हणजे बदलाप्रमाणे झटपट वळायचं, ते शिकवून गेले. आता भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या आहेत, रोज सकाळी उभ्यानं मीटिंग होते. शेड्यूल बदललं की धावपळ तीच. नेमकं काय करायचं ते सांगा. थिअरी नको. सोमवारी मालकांसमोर बोलायचंय.

टूलरूमचा_माणूस
प्रेस किती टनाचे? डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला किती वेळ? एका सेटअपला, म्हणजे एकदा डाय चढवून, किती दिवसांचा माल काढता? बदल कळतो कधी आणि कुणाला? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

प्रेसशॉप_वाळूज
६३ पासून २५० टनांपर्यंत. डाय बदलायला सगळ्यांना लागतो तेवढाच लागतो. प्रश्न प्लॅनिंगचा आहे सर.

परभणीकर_पुण्यात
दादा, मी आयटीत आहे. आमच्याकडं क्लायंट रोजच मत बदलतो. दोन आठवड्यांचा स्प्रिंट (ठरलेल्या कामाचा टप्पा) धरा, मधे बदल घ्यायचाच नाही, उरलेलं पुढच्या स्प्रिंटमध्ये. तुमच्या सल्लागारांनी अर्धंच शिकवलंय. स्क्रम, म्हणजे ही अॅजाइल पद्धत, पूर्ण लावा.

टूलरूमचा_माणूस
मधे बदल घ्यायचा नाही असं गाडीच्या कंपनीला कोण सांगणार? त्यांची लाइन थांबली तर डेबिट नोट येते, नुकसान आपल्या बिलातून कापतात. २००१ चा तो अॅजाइलचा जाहीरनामा सॉफ्टवेअरवाल्यांचा होता. कोड बदलायला क्रेन लागत नाही.
प्रेसशॉपभाऊ, तेवढाच म्हणजे किती?

प्रेसशॉप_वाळूज
२५० वर दोन-अडीच तास. म्हणून एकदा डाय चढवली की तीन-चार दिवसांचं काढून ठेवतो. नाहीतर परवडत नाही.

टूलरूमचा_माणूस
हेच तुमचं उत्तर आहे. चार दिवसांचा माल एकदम काढता, म्हणून दुसऱ्या दिवशी शेड्यूल फिरलं की नको तो पार्ट बिनमध्ये भरलेला आणि हवा तो शून्य. प्लॅन कितीही चांगला करा, अडीच तासांचा सेटअप त्याला वळूच देणार नाही.
जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १९६९ ला १००० टनाच्या प्रेसवर हेच काम केलं. ४ तासांचा सेटअप आधी दीड तासावर आला, मग ३ मिनिटांवर. तुम्हाला ३ मिनिटं नकोत, अर्धा तास झाला तरी पुष्कळ. प्रेस थांबल्याशिवाय करता येत नाहीत ती कामं वेगळी काढा, बाकी सगळी प्रेस चालू असतानाच उरका. पुढची डाय, कॉइल, पाने, गेज आधीच प्रेसजवळ हवं. माझा अनुभव असा की निम्मा वेळ शोधाशोधीत आणि क्रेनची वाट बघण्यात जातो. मग सगळ्या डायची शट हाइट (बंद असतानाची उंची) एकसारखी करा, खाली पॅरलल ब्लॉक लावून होते, म्हणजे दरवेळी रॅम (प्रेसचा वरचा दाबणारा भाग) खाली-वर करत बसायला नको. क्लॅम्पिंगची उंचीही एकच ठेवा, बोल्ट शोधावे लागत नाहीत.

परभणीकर_पुण्यात
काका, हे मान्य. पण नुसता सेटअप कमी करून काय होणार? बदल सगळ्यांना एकाच वेळी दिसला पाहिजे. बोर्ड त्यासाठीच असतो. बोर्डालाच नावं ठेवू नका.

टूलरूमचा_माणूस
बोर्ड ठेवा. पण बोर्ड बघून ज्याला डाय उतरवायचा हुकूम देता येत नाही, तो बोर्ड बघून करणार काय?

रात्रपाळी_इनचार्ज
काकांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मीपण शेंद्र्याला हेच काम करतो. कंपनीचा मेसेज रात्री ११ ला मालकांच्या मोबाइलवर येतो. ते झोपलेले. सकाळी मीटिंगमध्ये कळतं, तोवर आठ तास चुकीचा पार्ट निघालेला असतो. आमच्या साहेबांनी आता ठरवून दिलंय: अमुक पार्टचा साठा एका शिफ्टच्या खाली गेला तर इनचार्जनं न विचारता डाय बदलायची. लेखी आहे, सहीसकट. त्याआधी कुणाची हिंमत व्हायची नाही, उद्या बोलणी बसतील म्हणून.
अजून एक. सप्टेंबरात अतिवृष्टी, मग सोयाबीन काढणी. ठेकेदाराची पोरं गावाकडं. दिवाळीचा माल नेमका तेव्हाच. डाय चढवणारी माणसं किती आहेत तुमच्याकडं?

प्रेसशॉप_वाळूज
दोघंच. एकजण काढणीला गेला होता, २५० टनाचा प्रेस रात्रीचा बंद होता.

रात्रपाळी_इनचार्ज
मग आधी अजून दोघांना शिकवा, पुढच्या काढणीच्या आत. बाकी सगळं नंतर.

औशाची_डाळमिल
माझा धंदा वेगळा आहे, पण लिहिते. १५ मे २०२१ ला तुरीची आयात खुली केली आणि मग मुदत थोडी थोडी करून वाढवत गेले. दरवेळी आम्ही आदेशाकडं डोळे लावून बसतो. वाढवतील का नाही याचा अंदाज बांधणं मी सोडलं. मुदत वाढली तर किती खरेदी आणि नाही वाढली तर किती, हे आधीच लिहून मुनीमजींकडं देते. आदेश आला की विचार करायचा नाही, कागद काढायचा. इनचार्ज दादा जे सांगताहेत ते हेच आहे. ठरवायचं काम शांत असताना करून ठेवा.

उधारी_वसुली
मालाचे पैसे ४५ दिवसांत मिळतात का? आयकराच्या नियमाप्रमाणे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) इनव्हॉइसवर छापा. रोख हातात असली की सगळं लवचीक होतं.

प्रेसशॉप_वाळूज
पैशाचं विचारलं नव्हतं सर. तरी उद्यम आहे.

उधारी_वसुली
मग एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना बघा, मार्च २०२३ पासून नव्या रूपात आहे. सल्लागाराच्या फीचा ९० टक्के भार केंद्र सरकार उचलतं. रंगीत चिठ्ठ्यांपेक्षा सेटअपवर काम करणारा माणूस मागा.

आयटीआय_फिटर_जालना
बिडकीनला टोयोटा येणार होती नं? जुलै २०२४ ला करार झालाय. फिटरची भरती कधी आहे, कुणाला माहीत आहे का?

रात्रपाळी_इनचार्ज
भावा, वेगळा धागा काढ. पण प्रेसशॉपभाऊ, हा मुद्दा तुमच्याही कामाचा आहे. तिकडं भरती सुरू झाली की डाय सेटर पहिले जातील. पगाराचंही सोमवारी बोला.

प्रेसशॉप_वाळूज
सगळ्यांचे आभार. मालकांसमोर तीन गोष्टी मांडतो: २५० टनाच्या प्रेसचा सेटअप, रात्री डाय बदलायचा अधिकार इनचार्जला, आणि दोन नवे डाय सेटर. बोर्ड राहू दे. परभणीकर दादा, त्यावर चिठ्ठ्यांऐवजी प्रत्येक पार्टचा साठा किती शिफ्ट पुरेल ते लिहितो, मग तो रात्रपाळीलाही वाचता येईल. शनिवारी रात्री एक डाय चेंज मोबाइलवर रेकॉर्ड करतो. काका, वेळ कुठून कुठं धरायचा?

टूलरूमचा_माणूस
जुन्या पार्टचा शेवटचा चांगला पीस पडला की सुरू. नव्या पार्टचा पहिला पीस क्वालिटीनं पास केला की बंद. डाय चढली म्हणून घड्याळ थांबवू नका. क्वालिटीवाला चहाला गेला असेल तर तो वेळसुद्धा त्यातच मोजायचा. आणि पोरांना आधी सांगा की चुका काढायला रेकॉर्ड करत नाही, नाहीतर त्या दिवशी सगळे पळत काम करतील आणि खरा वेळ दिसणारच नाही. व्हिडिओ त्यांच्यासोबत बसून बघा, कुठला वेळ वाचेल ते त्यांनाच विचारा.