स्पिंक-१ जनुकात दोष सापडला. धाकट्या बहिणीचीही चाचणी करायची का?

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा, दारू नाही, तरी स्वादुपिंडाचा जुनाट दाह. स्पिंक-१ जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत एन३४एस हा बदल आहे. बहिणीला काही त्रास नाही.

उत्तर १: घाई नको. स्पिंक-१ चं प्रथिन स्वादुपिंडातच वेळेआधी जागं झालेलं ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं विकर) आवरतं. एन३४एसमुळे जोखीम वाढते, पण तो बाळगणाऱ्या बहुतेकांना आजार होतच नाही.

उत्तर २: पीआरएसएस-१ या ट्रिप्सिन बनवणाऱ्या जनुकातला आर१२२एच बदल असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे ट्रिप्सिन स्वतःला तोडून निष्क्रिय होऊ शकत नाही. एक प्रत पुरते, प्रत्येक अपत्याला ५०% शक्यता. या आजाराशी जोडलेली सीएफटीआर, सीटीआरसी ही जनुकंही तपासलीत का? रक्तातलं कॅल्शियम, ट्रायग्लिसराइड?

उत्तर ३: मुलाची दरवर्षी एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) आणि शौचातलं इलास्टेज (स्वादुपिंडाचं पाचक विकर) तपासा. सिगारेट दोघांनीही कटाक्षाने टाळावी. बहिणीच्या पोटात वरच्या भागात दुखून पाठीत कळ गेली, तर लगेच लायपेज (स्वादुपिंडाचा दाह दाखवणारी रक्तचाचणी) करा.