कावळा खरंच विचार करतो, की आपल्यालाच तसं वाटतं?

रानवेडा:
जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातला 2013 चा प्रयोग. कावळ्याला टचस्क्रीनवर एक चित्र दाखवायचं. ते गेलं की दोन चित्रं येणार, एक तेच, एक वेगळं. कधी 'तेच' निवडायचं, कधी 'वेगळं'. नियम दर वेळी इशाऱ्याने कळणार. उत्तर चोचीने. इथपर्यंत सर्कस म्हणा हवं तर. पण मेंदूतल्या काही पेशी फक्त 'तेच'च्या नियमाला चेतत होत्या, काही फक्त 'वेगळं'ला. चोच पडायच्या आधीच कावळा कुठला नियम पाळतोय ते पेशींवरून बरेचदा ओळखता यायचं! 'वेगळं' ही गोष्ट कुठल्याच चित्रात नसते. हा अमूर्त विचार नाही तर काय?

शंकासुर:
जरा दमानं. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेतली बेटी नावाची कावळी आठवते? 2002 मध्ये तिने सरळ तारेचा आकडा केला आणि नळीत अडकलेला खाऊ वर ओढला. केवढा गाजावाजा! 2016 मध्ये कळलं, तिच्या जातीचे रानातून पकडलेले कावळेही डहाळ्या अशाच वाकवतात. म्हणजे अंगचीच सवय. कावळा बसतो, फांदी मोडते, आणि आपण टाळ्या वाजवतो. तुमची पेशीसुद्धा नुसत्या इशाऱ्याला चेतत असेल.

मेंदूवाली:
बेटीचं मान्य. इशाऱ्याचं नाही. एकाच नियमाला दोन इशारे होते, एक दिसणारा, एक ऐकू येणारा. दोन्हींना तीच पेशी चेतली, मग ती रंगाची की आवाजाची? नियमाचीच ना.

आणि 'एवढुशा मेंदूत काय मावणार' असं कुणी म्हणायच्या आत: मकाव पोपटाचा मेंदू अक्रोडाएवढा, मकाक माकडाचा लिंबाएवढा; तरी अग्रमेंदूतल्या चेतापेशी मकावमध्ये जास्त. नुसत्या दाटीवाटीने बसवलेल्या. आपल्या मेंदूच्या बाहेरच्या भागात असतात तसे पेशींचे सहा थर तिथे नाहीत, पण काम अडत नाही.

शंकासुर:
दोन इशाऱ्यांचा मुद्दा चांगला आहे, मला माहीत नव्हता. पेशींच्या मोजणीने मात्र काहीच सिद्ध होत नाही. शिवाय ते कावळे घोटून घोटून तयार केलेले. शिकवल्याशिवाय नियम सापडला तर बोला.

रानवेडा:
माकडांनाही घोटूनच शिकवलं होतं की! 2001 मध्ये त्यांच्या मेंदूत अशाच पेशी सापडल्या, तेव्हा 'अमूर्त नियम' म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही. पिसं दिसली की लगेच पुरावा वाढवून हवा?

शंकासुर:
माझी शंका माकडांवरही आहे. तेव्हा हा धागा नव्हता, एवढंच.